बहुपदीची किंमत: बाथचा हॉर्नर आणि केरळचा माधव

आज एक विनंती आहे. ऐकताना हाताशी कागद आणि पेन्सिल असू द्या. जे हे नंतर वाचणार आहेत त्यांनीही. मुलं घरात असतील तर त्यांनाही जवळ बोलवा, कारण आज आपल्याला सहाशे वर्षांपूर्वीचं एक गणित स्वतः करून बघायचं आहे.

निमित्त सांगतो. काही दिवसांपूर्वी आम्ही ओळखीच्या एका घरी जेवायला गेलो होतो. तिथला मुलगा सतरा वर्षांचा, कॉम्प्युटर सायन्स शिकणारा. पानं घ्यायला अवकाश होता, म्हणून तो लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहीत बसला होता. साताऱ्याहून आलेले त्याचे आजोबा शेजारी बसून बघत होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "काय चाललंय रे?" तो म्हणाला, "पॉलिनॉमिअलची किंमत काढतोय, हॉर्नर्स मेथडनं."

आजोबा म्हणाले, "अरे, हॉर्नर कसला? हे सगळं आपल्याकडे आधीच होतं."

नातू अगदी साधेपणानं म्हणाला, "असेल आजोबा. पण कुठे होतं? दाखवा ना."

आजोबांनी फोन काढला. त्यात कुणीतरी पाठवलेला एक लांबलचक निरोप होता, पण त्यात ना ग्रंथाचं नाव होतं, ना साल, ना गणित. आजोबा गप्प झाले. नातवालाही आपण उगाच विचारलं असं वाटलं असावं, कारण त्यानं लॅपटॉप मिटून ठेवला. जेवण छान झालं, पण तो विषय काही पुन्हा निघाला नाही.

असा प्रसंग तुमच्याही घरी कधीतरी घडला असेल. मला घरी परतताना सारखं वाटत होतं, की मुलाचा प्रश्न रास्त होता आणि आजोबांचं म्हणणंही अगदीच निराधार नव्हतं. फक्त त्यांच्या हातात पुरावा नव्हता. तो आज आपण शोधू या.

आधी बहुपदी म्हणजे काय ते आठवू. शाळेत शिकलोय आपण. क्षच्या घनाची दुप्पट, अधिक क्षच्या वर्गाची तिप्पट, अधिक क्षची पाचपट, अधिक सात. ही झाली एक बहुपदी. दोन, तीन, पाच आणि सात हे तिचे सहगुणक. क्षच्या जागी ४ घातले तर तिची किंमत किती?

सरळ रस्त्यानं जाऊ. ४ चा घन ६४, त्याची दुप्पट १२८. ४ चा वर्ग १६, त्याची तिप्पट ४८. पाच चोक वीस. आणि वरचे सात. बेरीज २०३. प्रत्येक पद वेगळं सोडवलं तर यात सहा गुणाकार होतात.

आता दुसरा रस्ता. नुसते सहगुणक ओळीनं लिहा: २, ३, ५, ७. पहिला आकडा २ घ्या. त्याला ४ नं गुणा, ८. पुढचे ३ मिळवा, ११. पुन्हा ४ नं गुणा, ४४. पुढचे ५ मिळवा, ४९. पुन्हा ४ नं गुणा, १९६. शेवटचे ७ मिळवा, २०३. उत्तर तेच आणि गुणाकार फक्त तीन. वर्ग किंवा घन वेगळा काढावाच लागला नाही.

बहुपदी विसाव्या कोटीची असेल तर पहिल्या रस्त्यानं, प्रत्येक घात मुळापासून काढत गेलं, तर २१० गुणाकार होतात. दुसऱ्या रस्त्यानं २०. प्रोग्रॅममध्ये तर हे लिहायला अगदी सोपं. एक डबा घ्यायचा, त्यात पहिला सहगुणक ठेवायचा. मग डब्यातला आकडा गुणायचा, पुढचा सहगुणक त्यात मिळवायचा, आणि यादी संपेपर्यंत हेच करत राहायचं.

ही रीत तुम्ही नकळत रोज वापरता. समजा गावाकडच्या बँकेत तुम्ही दरवर्षी काही रक्कम भरता, कधी कमी, कधी जास्त. वर्ष संपलं की जुनी शिल्लक व्याजानं वाढते आणि तिच्यात नवी रक्कम पडते. पहिल्या वर्षीच्या पैशांचं चक्रवाढ व्याज वेगळं, दुसऱ्या वर्षीच्या पैशांचं वेगळं, असं कुणी काढत बसत नाही. पासबुकातली शिल्लक हीच आपली डब्यातली संख्या. किंवा कीबोर्डवर ४७२५ टाइप करा. प्रोग्रॅमला एकेक अंक मिळत जातो. आधी ४. मग चार दाहे चाळीस आणि सात, ४७. मग त्याची दसपट अधिक दोन, ४७२. मग त्याची दसपट अधिक पाच, ४७२५. आपली दशमान संख्या हीच मुळात दहाची बहुपदी आहे.

आता या रीतीला हॉर्नरचं नाव कसं लागलं ते बघू. त्यासाठी आपल्या ब्रिटनमधल्याच एका गावी जायचं आहे. रोमन स्नानगृहं बघायला आपण पाहुण्यांना घेऊन बाथला जातो ना, तिथेच विल्यम जॉर्ज हॉर्नर नावाचे शिक्षक राहत. जन्म १७८६ चा, ब्रिस्टलचा. १८०९ मध्ये त्यांनी बाथच्या ग्रोव्हनर प्लेसमध्ये स्वतःची शाळा काढली. १८१९ च्या जुलै महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा एक निबंध वाचला गेला. कोणत्याही कोटीच्या समीकरणाचं उत्तर अंकांत, एकेक अंक पुढे सरकत, कसं काढायचं हा त्याचा विषय होता. बहुपदीची किंमत काढणं हा त्या मोठ्या कामातला एक टप्पा होता. पुढच्याच वर्षी, १८२० मध्ये, लंडनच्या थिओफिलस हॉल्ड्रेड नावाच्या घड्याळजीनं तशीच पद्धत छापली आणि श्रेय कुणाचं यावरून वाद झाला.

हॉर्नरचं नाव टिकलं त्यात मोठा वाटा ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाचा. लंडनला प्राध्यापक असलेल्या या माणसानं आपल्या लेखांतून हॉर्नरची पद्धत इंग्लंडभर पोचवली. आणि डी मॉर्गनचा जन्म कुठला? मदुराईचा, १८०६ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते.

पण हॉर्नर पहिले नव्हते. इटलीत पाओलो रुफिनी यांनी १८०४ मध्ये अशीच पद्धत दिली होती. न्यूटननं १६६९ च्या सुमारास केलेल्या लिखाणात बहुपदी अशीच कंसात कंस घालून मांडलेली दिसते. त्याच्याही चारशे वर्षं आधी, १२४७ मध्ये, चीनमध्ये छिन च्यूशाओ यांनी नऊ विभागांचा एक गणितग्रंथ लिहिला. मोजणीच्या काड्या पटावर मांडून त्यांनी दहाव्या कोटीचं समीकरण याच धर्तीवर सोडवून दाखवलं आहे. आणि या रीतीची मुळं चीनमध्येच अकराव्या शतकातल्या च्या श्येन यांच्यापर्यंत जातात. म्हणजे "हॉर्नरची पद्धत" हे नाव इंग्लंडातल्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेलं. नाव पडलं आणि चिकटलं, एवढंच.

मग आपल्या आजोबांचं काय? "आपल्याकडे" ते कुठे होतं?

त्यासाठी केरळात जावं लागतं. त्रिशूरजवळच्या इरिंजालकुडा परिसरात, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, माधव नावाचा गणिती होऊन गेला. संगमग्रामाचा माधव म्हणून तो ओळखला जातो. साधारण १३४० ते १४२५ हा त्याचा काळ मानतात. त्याचे या विषयावरचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. पण त्याच्या परंपरेतल्या नीळकंठ, ज्येष्ठदेव, शंकर अशा पुढच्या पिढ्यांनी त्याचं काम त्याच्या नावानिशी नोंदवून ठेवलं.

माधवापुढे प्रश्न होता ज्या काढण्याचा. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य मानलं, तर त्याच्या दोरीचा अर्धा भाग म्हणजे आजच्या भाषेत साइन. गंमत म्हणजे इंग्रजीतला हा साइन शब्दही आपल्या "ज्या" वरूनच, अरबी आणि लॅटिनमधून रूपं बदलत तिकडे पोचलेला आहे. ग्रहांची स्थिती काढायची तर ज्या लागतेच, आणि ती जितकी अचूक तितकं पंचांग अचूक.

माधवानं ज्या काढण्यासाठी एक बहुपदी दिली. चापाच्या अकराव्या घातापर्यंत जाणारी. तिचे पाच सहगुणक पाच शब्दसमूहांत बांधले. यासाठी कटपयादी नावाची रीत वापरली. तिच्यात प्रत्येक व्यंजनाला अंक असतो आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात. जोडाक्षर असेल तर शेवटचं व्यंजन धरायचं, आणि ज्याला स्वर नाही ते व्यंजन सोडून द्यायचं. पहिला शब्द आहे "विद्वान्". यातल्या वि चे ४, द्वा मधल्या व चे ४, शेवटचा न् सोडायचा. झाले ४४. दुसरा शब्द "तुन्नबल". त चे ६, न चा शून्य, ब चे ३, ल चे ३. उलटे मांडले की ३३०६. शब्दाला अर्थ असला की तो पाठ राहतो, आणि शब्द पाठ असला की आकडा विसरत नाही.

आता कागद घ्या. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला, विकलेच्या ६० तत्परा. माधवाचे पाच आकडे असे:

पहिला, ४४ तत्परा.
दुसरा, ३३ विकला ६ तत्परा.
तिसरा, १६ कला ५ विकला ४१ तत्परा.
चौथा, २७३ कला ५७ विकला ४७ तत्परा.
पाचवा, २२२० कला ३९ विकला ४० तत्परा.

कृती अशी. ज्या चापाची ज्या हवी तो कलांत घ्यायचा, त्याला ५४०० नं, म्हणजे काटकोनाच्या कलांनी, भागायचं आणि वर्ग करायचा. हा आपला गुणक. पहिल्या आकड्याला गुणकानं गुणायचं आणि दुसऱ्यातून वजा करायचं. उरेल त्याला पुन्हा त्याच गुणकानं गुणायचं आणि तिसऱ्यातून वजा करायचं. असं पाचव्या आकड्यापर्यंत. शेवटी जे उरेल त्याला, चाप भागिले ५४०० याच्या घनानं गुणायचं आणि मूळ चापातून वजा करायचं.

आपण ३० अंश घेऊ. म्हणजे १८०० कला. १८०० भागिले ५४००, एक तृतीयांश. वर्ग केला की एक नवमांश. म्हणजे आपल्याला दर वेळी फक्त ९ नं भागायचं आहे.

४४ तत्परांचा नववा भाग सुमारे ५ तत्परा. दुसऱ्या आकड्यातून वजा केल्या, उरल्या ३३ विकला १ तत्परा.
त्याचा नववा भाग ३ विकला ४० तत्परा. तिसऱ्यातून वजा, उरल्या १६ कला २ विकला १ तत्परा.
त्याचा नववा भाग १ कला ४६ विकला ५३ तत्परा. चौथ्यातून वजा, उरल्या २७२ कला १० विकला ५४ तत्परा.
त्याचा नववा भाग ३० कला १४ विकला ३३ तत्परा. पाचव्यातून वजा, उरल्या २१९० कला २५ विकला ७ तत्परा.
आता एक तृतीयांशाचा घन, म्हणजे २७ नं भागायचं. आल्या ८१ कला ७ विकला ३६ तत्परा.
१८०० कलांतून त्या वजा केल्या. उत्तर: १७१८ कला ५२ विकला २४ तत्परा.

हे बरोबर का? ३० अंशाची ज्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी असते, हे आपण शाळेत शिकलोय. माधवाच्या परंपरेत त्रिज्या धरली आहे ३४३७ कला ४४ विकला ४८ तत्परा. तिचं अर्धं करून बघा. १७१८ कला ५२ विकला २४ तत्परा. शेवटच्या तत्परेपर्यंत तेच!

आता मघाची डब्याची कृती आठवा. डब्यातल्याला गुणा, पुढच्या सहगुणकाशी सांधा, पुन्हा गुणा. माधवाची कृती तीच आहे. फक्त बेरजेच्या जागी वजाबाकी, आणि चापाच्या वर्गानं एकदम दोन घातांची उडी. हॉर्नरच्या निबंधाच्या चारशे वर्षं आधीची ही गोष्ट.

आता नातवाच्या लॅपटॉपकडे परत येऊ. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं १९९० च्या दशकात गणिती फलनांचा एक संच सगळ्यांसाठी खुला केला. जावा भाषेच्या काटेकोर गणिताचा आधार आजही तोच आहे. त्यातलं साइन उघडून वाचलं तर काय दिसतं? कोनाचा वर्ग एकदाच काढून ठेवलेला, तेराव्या घातापर्यंतची बहुपदी, सहा सहगुणक, आणि शेवटून सुरू करून आत आत बांधलेले कंस. माधवाचे पाच, इथे सहा. फरक आहेतच. इथले सहगुणक चूक कमीत कमी राहावी म्हणून किंचित हलवलेले आहेत, आणि कोन आधी ४५ अंशांच्या आत आणला जातो. पण हिशेबाची मांडणी तीच आहे.

आणि ती टिकली याला कारण आहे. १९५४ मध्ये अलेक्झांडर ओस्त्रोव्स्की यांनी प्रश्न विचारला, की कोणत्याही बहुपदीसाठी चालेल अशी यापेक्षा कमी गुणाकारांची रीत असू शकते का? १९६६ मध्ये व्हिक्टर पॅन यांनी सिद्ध केलं, की सहगुणकांवर आधी काही संस्कार केले नाहीत तर नाही. पुढे प्रोसेसर बनवणाऱ्यांनी "गुणा आणि मिळवा" ही एकच जोडक्रिया यंत्रातच बसवली. आयबीएमच्या १९९० च्या संगणकांत ती होती, आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकात आली. रीतीला एक मर्यादाही आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीसाठी थांबून राहते. म्हणून अनेक गुणाकार एकाच वेळी करता येत असतील, तर जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये सुचवलेली, पदांच्या जोड्या लावण्याची रीत कधी कधी जास्त वेगानं चालते.

आता प्रश्न येतो, हॉर्नरनं हे आपल्याकडून घेतलं का? तसा पुरावा आजवर मिळालेला नाही. केरळच्या या गणिताची इंग्रजीत पहिली ओळख करून दिली ती चार्ल्स व्हिश या मलबारातल्या कंपनी अधिकाऱ्यानं. त्याचा लेख १८३४ मध्ये छापला गेला, हॉर्नरच्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी. त्याकडे फारसं कुणी लक्षही दिलं नाही. १९४० च्या दशकात सी. टी. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषय पुन्हा उजेडात आणला, आणि पुढे के. व्ही. सरमा यांनी ताडपत्रांवरच्या पोथ्या संपादित करण्यात आयुष्य घातलं. म्हणून "चोरलं" हा शब्द वापरू नका. चीन, केरळ, इटली, इंग्लंड, जिथे जिथे माणसांना हातानं खूप गुणाकार करावे लागले, तिथे तिथे त्यांनी ते वाचवायची वाट शोधली.

आणि "आपल्याकडे" म्हणताना तेवढीच काळजी घेऊ या. हे काम महाराष्ट्रातलं नाही, केरळातलं आहे. संस्कृतात आहे, आणि त्यामागची उपपत्ती ज्येष्ठदेवानं १५३० च्या सुमारास युक्तिभाषा या ग्रंथात चक्क मल्याळममध्ये, लोकांच्या बोलीत, समजावून सांगितली आहे. आपण त्याचा अभिमान बाळगायचा तर नाव, गाव आणि गणित यांच्यासकट बाळगू.

मी हे पाच आकडे एका कागदावर लिहून त्या घरी पाठवले. सोबत काही लिहिलं नाही, फक्त "३० अंश करून बघा" एवढंच. दोन दिवसांनी त्या मुलाच्या आईचा फोन आला. रविवारची दुपारभर आजोबा आणि नातू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. आजोबा तोंडी नऊनं भागत होते, नातू प्रोग्रॅमनं ताळा घेत होता. एका ठिकाणी आजोबांची एक तत्परा चुकली, ती नातवानं धरली. मग ४५ अंश झाले, ६० अंश झाले. प्रोग्रॅमच्या वरच्या टिपेत आता दोन नावं आहेत म्हणे, हॉर्नर आणि माधव.

तुमच्याही घरी मुलं "दाखवा ना" म्हणतील. म्हणू द्या, आणि कागद पुढे ओढा. आजच्यासाठी गृहपाठ: १८ अंशांची ज्या माधवाच्या रीतीनं काढा. चाप १०८० कला, गुणक एक पंचविसांश, आणि शेवटी भागायचं १२५ नं. उत्तर आलं की आम्हाला कळवा. पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत नमस्कार.